ये... मागे ये

ही गोष्ट घडलेली आहे. ऐकून सोडून द्यायची तर द्या, पण खोटी म्हणू नका. जिच्या बाबतीत घडली ती ग्लेनिस आजही विंटन गावाबाहेर, लेकीच्या गोठ्यामागच्या कुरणात राहते. येता-जाता दिसते. हात करते.

गेल्या जूनमधला दुसरा शनिवार. जागा ओरेटी नदीकाठचं मोकळं मैदान. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, त्या वेळी जेमतेम उजाडतं. त्यात धुकं पडलेलं.

आणि त्या धुक्यात ग्लेनिस एकटी होती.

निदान तिला तसं वाटत होतं...

ग्लेनिस आणि नेव्हिलचा संसार बेचाळीस वर्षांचा. नेव्हिल निवृत्त झाला तसं त्यांनी शहरातलं घर विकलं आणि मोटरहोम घेतलं. सात मीटर लांब गाडी, तिच्यातच पलंग, शेगडी, नळ, संडास. रोशेल ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या कुरणात गाडी लावायची, तिच्या घरातून विजेची वायर ओढायची, नातीला वाढताना बघायचं आणि मनात येईल तेव्हा चार दिवस भटकून यायचं, असा बेत होता. जवळ तर राहायचं, पण कुणाच्या खोलीत नाही.

सुरुवातीला फजिती फार झाली. पहिल्याच आठवड्यात नेव्हिल संडासाची पेटी रिकामी करायला गेला आणि झाकण नीट न लावताच उचलली. जावई हेमिश पोट धरून हसला होता. "सासरेबुवा, गाईसुद्धा तुमच्यापेक्षा बऱ्या," असं म्हणत त्यानंच पाइप आणून त्यांचे बूट धुतले.

मग एकदा गाडी मागे घेताना नेव्हिलनं रोशेलचा कपडे वाळत घालायचा खांब आडवा केला. मागे उभं राहून हातानं खुणा करायचं काम ग्लेनिसचं होतं.

"तू दिसतच नव्हतीस मला आरशात."

"दिसत नव्हते तर थांबायचं ना, माणसा."

त्या दिवसापासून त्यांचा नियम ठरला. मागचं माणूस आरशात दिसतंय तोवरच गाडी हलवायची. दोन्ही हात आत ओढले की मागे ये. तळवे समोर धरले की थांब. मोटरहोममध्ये राहणारी सगळीच जोडपी असं काहीतरी ठरवून घेतात, नाहीतर संसार मोडायची वेळ येते.

फेब्रुवारीत नेव्हिलनं हट्टानं तिला स्टिअरिंगवर बसवलं. आपण मागे उभा राहिला, डोक्यावर त्याची नेहमीची नारिंगी लोकरीची टोपी.

"माझ्याकडेच बघ, ग्लेन. दुसरीकडे बघायचंच नाही. ये... मागे ये..."

तीन वेळा तिनं गाडी मागे घेतली. तिन्ही वेळा बरोबर.

मार्चमध्ये नेव्हिल गेला. सकाळी पाचला उठून किटलीत पाणी भरलं, चहा केला, दोन घोट घेतले आणि बसल्या जागी मान टाकली. ग्लेनिस शेजारीच झोपली होती. तिला कळलंच नाही.

नंतर रोशेल मागे लागली, की गाडी विकून टाक आणि आमच्या मागच्या खोलीत ये. ती काळजीनंच म्हणत होती. पण ग्लेनिसला ती खोली नको होती. आपण आहोत म्हणून लेक-जावयानं हळू आवाजात भांडायचं, हे तिला नको होतं. शिवाय नेव्हिल जिथे गेला तो पलंग, ती किटली... ते सोडून ती कुठे जाणार?

शेवटी लेकीनं अट घातली. "दोन रात्री एकटीनं बाहेर काढून दाखव, आई. गॅस, पाणी, गाडी लावणं, काढणं, सगळं तू एकटीनं. जमलं तर राहा गाडीत. मी परत बोलणार नाही."

म्हणून ग्लेनिस गुरुवारी नदीकाठी आली होती. घरापासून अर्ध्या तासावर. निघताना चार वर्षांच्या नातीनं, पिपानं, तिला चीजचे रोल बांधून दिले होते. अर्धे आधीच खाल्लेले.

तिनं गाडीचं तोंड विलोच्या झाडांकडे करून ती लावली, वारा लागू नये म्हणून. खाली उतरून मागे चालत गेली. नदीचा काठ मोजून तीस पावलांवर होता. भरपूर जागा होती. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

शुक्रवारी पहाटे पाचला तिला जाग आली.

घूंऽऽ...

पाण्याचा पंप. नळ सोडला की तो घुमतो. तीन सेकंद घुमला आणि थांबला.

किटलीभर पाण्याला लागतात तेवढेच तीन सेकंद.

कुठेतरी नळ ठिबकत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. रात्री झोपताना पंपाचं बटण बंद केलं. लाल दिवा विझलेला दोनदा पाहिला.

दिवसभर लांब डोंगरात पाऊस कोसळत होता. इकडे फक्त ढग.

शनिवारी पहाटे पाच.

घूंऽऽ...

तिनं मान वळवून बघितलं. लाल दिवा विझलेलाच होता.

मग गाडी कलली.

मोटरहोममध्ये राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दाराच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की अख्खी गाडी त्या बाजूला जराशी झुकते. हलक्या माणसानं थोडी, जड माणसानं जास्त. नेव्हिलच्या वजनानं किती झुकते, हे ग्लेनिसच्या अंगाला पाठ होतं.

तेवढीच झुकली.

"नेव?"

काही नाही...

दार उघडलं नाही. गाडी परत सरळही झाली नाही. कितीतरी वेळ ती तशीच कललेली राहिली, कुणी पायरीवर उभं राहून आत यावं की नाही याचा विचार करत असावं तशी.

ग्लेनिसला भीती वाटली नाही. तिला रडू आलं. उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि तोंड वर केलं तेव्हा गाडी सरळ होती.

साडेआठला तिनं आवराआवर केली. गॅस बंद, कपाटांना कड्या, पायरी आत. एकटं माणूस गाडी मागे घेणार असेल तर त्यानं आधी उतरून मागे बघून यायचं असतं. तेवढंच तिनं केलं नाही.

कारण सीटवर बसून तिनं उजव्या आरशात पाहिलं, तर मागे माणूस उभा होता.

धुक्यात. पंधराएक पावलांवर.

नारिंगी टोपी...

दोन्ही हात हळूहळू आत ओढत होता. ये. मागे ये.

खरं-खोटं करायचं तिच्या मनातही आलं नाही. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मागे कुणीतरी उभं होतं. तिनं गिअर टाकला आणि गाडी मागे घेतली.

ये...

माझ्याकडेच बघ, ग्लेन. ती बघत राहिली. पाच पावलं. दहा पावलं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

ये... मागे ये...

मग तिच्या लक्षात आलं, की नदीचा आवाज येत नाहीये. दोन दिवस कानात भरून राहिलेली नदी, आणि आता काहीच नाही. इंजिनचासुद्धा आवाज नाही.

आणि आणखी एक गोष्ट...

गाडी मागे जाते तसा आरशातला माणूस मोठा व्हायला हवा. जवळ यायला हवा.

तो मोठा होत नव्हता.

तो चालतही नव्हता. पाय हलत नव्हते. तरी होता तेवढ्याच अंतरावर होता, होता तेवढाच. नुसते हात हलत होते.

तिनं ब्रेक दाबला.

त्याबरोबर नदीचा आवाज अंगावर कोसळल्यासारखा परत आला. आरशात धुकं होतं. नुसतं धुकं.

दार उघडून ती उतरली आणि गाडीला धरून मागे गेली. डोंगरातल्या पावसानं नदी फुगली होती. रात्रीतून तिनं काठ खाऊन टाकला होता. तिसांतली जेमतेम दहा पावलं उरली होती, आणि तेवढी ती मागे आली होती. मागच्या चाकामागे दोन वीत जमीन, आणि गाडीची शेपटी पाण्यावर लोंबत होती.

तो जिथे उभा होता तिथे जमीनच नव्हती. ती गाडीत बसली तेव्हाही नव्हती.

दुपारी ती घरी पोचली. अट पुरी झाली होती. रोशेलनं मिठी मारली, हेमिशनं स्वतः विजेची वायर जोडून दिली. ग्लेनिस काही बोलली नाही.

बोलली ती तीन आठवड्यांनी. रोशेल आईच्या गाडीत बसून पिपाच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. ग्लेनिसनं सगळं सांगितलं, पंपापासून नदीपर्यंत. रोशेलचे हात थांबले.

"बाबा तुला असं कशाला नेतील, आई? ते थांब म्हणत असतील. तुला धुक्यात नीट दिसलं नसेल."

"नीट दिसलं."

"मग ते बाबा नव्हतेच."



"बेचाळीस वर्षं ज्याचे हात बघितले, ते मी ओळखणार नाही का गं?" ग्लेनिस म्हणाली. "आणि मी सावध झाले म्हणून थांबले असं समजू नकोस. तो जवळ येत नव्हता म्हणून थांबले. जवळ आला असता ना, तर नसते थांबले."

रोशेल उठली. मोजे तसेच टाकून घरात गेली आणि पिपाची गादी, उशी, कापडी ससा सगळं काखेत मारून आली. पलंगावर आईशेजारी गादी अंथरली.

"आजपासून पिपा तुझ्याकडे झोपणार. लाथा मारते, आधीच सांगते."

पिपा खरंच लाथा मारते. झोपेत आजीची बाही मुठीत धरून ठेवते, त्यामुळे ग्लेनिसला कूससुद्धा बदलता येत नाही. बदलायची तिला इच्छाही नसते. आपण इथेच राहायचं, हे तिनं ठरवून टाकलंय.

मोटरहोम अजून कुरणात आहे. नदीकाठी ती पुन्हा गेली नाही. तो खरंच नेव्हिल होता का, आणि त्याला काय हवं होतं, हे तिला आजही ठाऊक नाही. विचारलं तर ती विषय बदलते.

फक्त धुक्याच्या दिवशी ती अस्वस्थ होते. घास उतरत नाही. तिला वाटत राहतं, की तो अजून तिथेच उभा असेल. एकटा. हात हलवत.

आणि तिकडे पाण्यावर थंडी फार असते...