आकडा उतरत गेला

ही ऐकीव गोष्ट नाही. उत्कर्षा माझी सख्खी मावसबहीण. मांजलपूरच्या तिच्या स्वयंपाकघरात, समोर बसून तिनं हे मला सांगितलं. आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. शनिवार. दुपारचे साडेतीन.

भर उजेडात घडलंय हे.

मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. तिथं नाडी मोजणारं यंत्र बनायचं. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायचं, क्लिप बोटाला लावायची. नाडी फार उतरली की ते वाजून घर जागं करायचं.

त्यातली चिप उत्कर्षाच्या ताब्यात. काम नसलं की चिपचा वेग कमी करायचा, व्होल्टेज उतरवायचं. काम आलं की दोन्ही वाढवायचं. तेवढीच बॅटरी वाचते. पण व्होल्टेज किती उतरवायचं याला मर्यादा असते. त्याखाली गेलं तर चिप झोपते... आणि उठत नाही.

ती मर्यादा उत्कर्षानं महिनाभर तपासून ठरवली होती. एक पूर्णांक एक व्होल्ट.

त्या दिवशी तिच्या टेबलावर एक परत आलेलं यंत्र होतं. सुभानपुऱ्यातल्या बाळकृष्णकाकांचं, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं. काका गेले होते. त्यांच्या मुलीनं, शालिनीताईंनी, सोबत चिठ्ठी पाठवली होती.

"यंत्र चालू होतं. वाजलं नाही."

केयूर निघता निघता दारात थांबला. कॉलेजपासूनचा मित्र, आता याच कंपनीत. आठ वर्षं एकाच डब्यातलं जेवलेली दोघं.

"चार्जिंगच केलं नसेल ग. तसं लिही आणि घरी जा ने," तो म्हणाला.

तो गेला. शेडमध्ये ती एकटी.

तिनं बॅटरी काढून बाजूला ठेवली. टेबलावरच्या पॉवर सप्लायची वायर जोडली. चिप झोपू दिली आणि मीटर लावला.

शून्य पूर्णांक नऊ.

तिनं पुन्हा मोजलं. तेच.

आणि तेवढ्यात... पडदा उजळला.

५८.

क्लिप टेबलावर रिकामी पडली होती. तिच्यात कुणाचंच बोट नव्हतं.

५१.

तिनं वायर उपटली.

४४.

शेजारच्या शेडमधलं प्रेस मशीन दिवसभर धपधप करायचं. ते आता... धप्... धप्......

मग तेही नाही.

तिनं वर पाहिलं. पंख्याची पाती एकेक करून मोजता येत होती. वारा लागत नव्हता.

३०.

यंत्र वाजायला लागलं. पण तो नेहमीचा तीक्ष्ण आवाज नव्हता. खोल, लांबलेला... एखाद्या म्हाताऱ्या माणसानं श्वास सोडावा तसा.

मग शून्य. पडदा काळा.

उत्कर्षानं यंत्र बाजूला सारलं. तिनं कॉम्प्युटर उघडला. मर्यादा कुणी बदलली, त्याची नोंद तिथं होती.

नाव तिचंच होतं.

तिनं तारीख पाहिली. त्या आठवड्यात ती आईच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. पासवर्ड तिनं एकाच माणसाला दिला होता. "तू आईकडे बघ, इथलं मी सांभाळतो," असं म्हणणाऱ्याला.

तिनं केयूरला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. आवाज खूप संथ येत होता. तिला वाटलं, नेटवर्क.

"मर्यादा कुणी बदलली?"

"मी..."

"माझ्या नावानं?"

"तुझं नाव असलं... की कुणी तपासत नाही. बॅटरी... दोन दिवस चालायला हवी होती."

तिनं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"अशी दोनशे बारा यंत्रं... लोकांच्या घरी गेलीत," तो आवाज म्हणाला. "परत मागव."

ती बाहेर आली तेव्हा अंधारू लागलं होतं. वॉचमन गणपतराव कुलूप घेऊन उभे होते.

"बेन, सात वाजले. दोनदा हाक मारली."

तिच्या मनगटावर चार वाजायला दहा मिनिटं होती.

सोमवारी तिनं सगळं लिहून मालकांना दिलं, एक प्रत शालिनीताईंना नेऊन दिली. यंत्रं परत मागवली गेली. बरोबर दोनशे बारांमध्ये तोच शून्य पूर्णांक नऊचा आकडा निघाला. नोंदीवर नाव तिचं, म्हणून नोकरी पहिली तिची गेली.

केयूर मालकांसमोर तिच्या शेजारीच बसला होता. "पासवर्ड तिचा आहे, मी काय सांगू?" तो म्हणाला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शनिवारी फोनवर तूच कबूल केलंस," ती म्हणाली.

"शनिवारी? माझा फोन संध्याकाळपर्यंत बंद होता."

तिनं दाखवायला आपला मोबाइल काढला.

त्या दुपारी तिच्या मोबाइलवरून एकही फोन गेलेला नव्हता.

मी तिला म्हटलं, "केयूर खोटं बोलत असेल. त्यानं तर तुझं सगळंच..."

"ते तर आहेच," ती म्हणाली. उठून तिनं ओट्यावर हात टेकले. "पण फोन ठेवताना तो एक वाक्य बोलला. ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

"काय?"

"आता तुला त्रास होईल, बेटा."

केयूरनं तिला कधीच बेटा म्हटलेलं नव्हतं.