पाणी डावीकडे

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय, आणि माझे सासरे अजून घरी आलेले नाहीत. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

अमावस्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. गेल्या नोव्हेंबरातला रविवार. भरदिवसा, सकाळी दहाच्या सुमारास. जपानातल्या बिवा तळ्याचा पूर्व काठ. नेमकी जागा सांगणार नाही. सांगितली की लोक बघायला जातात.

आमच्याकडे सायकलनं तळ्याला फेरी घालायची एक रीत आहे. पाणी कायम डावीकडे ठेवायचं. रस्त्यावरच्या खुणा त्याच बाजूनं, उलटं सहसा कुणी जात नाही. पोरांनाही हेच शिकवतात... वाट चुकलास तर घाबरू नकोस, पाणी डावीकडे ठेव, घर येतंच.

माझे सासरे शिगेहारू हे ऐकूनच म्हातारे झाले. अडुसष्ट वर्षांचे. मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर अर्धा तास, बस्स. पण जित्याची खोड! त्यांना डांबरी रस्ता नकोच असायचा. बांधावरच्या, शेतांमधल्या खडीच्या वाटा, रुंद टायरची सायकल आणि अंगभर चिखल, तेव्हा कुठे त्यांचा जीव रमायचा.

म्हणून पहारा ठेवायला तोमोए सोबत गेली. माझी नणंद.

"दुपारी जेवायला घेऊन ये गं त्यांना," मी दारातून ओरडले. "बदकाचा रस्सा टाकलाय."

"आणते वहिनी. कान धरून आणते," ती म्हणाली.

निघाल्यावर थोड्याच वेळात तळ्यावरून धुकं चढलं. डांबरी रस्त्यावरची सायकलवाल्यांसाठी आखलेली निळी रेघ दिसेनाशी झाली.

"बाबा, परत फिरू या."

"परत? त्या निळ्या रेघेवरून शाळेतली पोरं चालवतात. चल, इकडून खडीची वाट आहे."

"काही दिसत नाहीये पण!"

"तळं दिसतंय ना डावीकडे? मग झालं. घर पुढे आहे."

दोन्ही बाजूंना बोरूची दाटी. मधून अरुंद खडीचा बांध. डावीकडे, बोरूच्या फटींतून, राखाडी पाणी.

वाटेत एक दगडी जिझो लागला, वाटसरूंना सांभाळणारा देव. लाल लाळेरं बांधलेला. सासरे उतरले, हात जोडले, खिशातलं एक संत्रं त्याच्यापुढे ठेवलं. ते नेहमीच ठेवायचे.

पुढे निघाले.

बराच वेळ गेल्यावर तोमोएच्या लक्षात आलं... बदकं ओरडत नव्हती.

नोव्हेंबरात आमचं तळं बदकांनी भरलेलं असतं. कान किटतात. तिथे एकही नाही.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली... लाटा नव्हत्या. काठाला पाणी लागल्याचा आवाजच नव्हता. आणि वास येत होता. कुजलेल्या शेवाळाचा, जुन्या चिखलाचा.

पुढे पुन्हा एक जिझो आला.

लाल लाळेरं. समोर एक संत्रं.

"बघ, माझ्यासारखा आणखी एक वेडा आहे," सासरे हसले.

तोमोए हसली नाही.

तिसऱ्या वेळी ते संत्रं सोललेलं होतं. साल पाकळ्यांसारखी नीट उलगडून ठेवलेली... आतली एकच फोड शिल्लक. ओली.

तिनं सायकल बापाच्या अगदी जवळ घेतली.

तेवढ्यात पाण्यावर काहीतरी करकरलं. वल्ह्याचा आवाज. दोघं थांबली की तो थांबायचा. निघाली की सुरू.

आणि मग बाईचा आवाज. अगदी जवळून. प्रेमळ.

"दमलात का हो? ...पाणी डावीकडे ठेवा. पोचाल."

"आभारी आहे!" सासरे धुक्यात वाकून म्हणाले. मग मुलीकडे वळले. "ऐकलंस? गावची बाई सांगतेय."

"बाबा, नाव कुठंय? बाई कुठंय?" तोमोएनं त्यांची बाही धरली. "हे आपलं तळं नाही. कुठल्यातरी आतल्या तळ्याभोवती आपण गोल गोल फिरतोय. पाणी डावीकडे ठेवलं तर जन्मभर फिरू. पाण्याकडे पाठ करू आणि बोरूतून सरळ निघू."

"चिखलात? सायकल खांद्यावर घेऊन? माझ्या या छातीनं?"

ते खरंच होतं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. ती रडायच्या बेतात होती. काहीही करून त्यांना घरी न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"असं कर," सासरे म्हणाले. "तू या जिझोपाशी थांब. मी सावकाश पुढे जातो. वाट सुटली तर हाक मारतो. आणि गोल असेल तर जाऊन जाऊन जाणार कुठे? परत तुझ्यापाशीच येईन. मग तू म्हणशील तसं."

सांगा, यात काय चुकीचं होतं? मीसुद्धा हो म्हटलं असतं.

ते गेले. खडीवर टायर कुरकुरत गेला... लांब... आणखी लांब. मग पाण्यापलीकडून त्यांचा खोकला ऐकू आला. म्हणजे गोलच होतं. तोमोएला उलट धीर आला. आता येतील.

आवाज मागच्या बाजूनं जवळ येऊ लागला. टायर. साखळी. धाप.

ती वळून उभी राहिली.

आवाज तिच्यासमोरून गेला.

अगदी समोरून. वाटेवरचे खडे उडाले, एक तिच्या बुटाला लागला. पण वाटेवर कुणी नव्हतं.

"तोमो?" सासऱ्यांचा आवाज. "अगं, कुठे गेलीस?"

"बाबा! इथेच आहे! इथे!"

"तोमो...!"

आवाज पुढे निघून गेला. पाण्यापलीकडे गेला. पुन्हा मागून आला.

ती वाटेच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. तिच्या तळव्याला गार वारा लागला, घामाचा ओळखीचा वास आला, आणि तिचा बाप तिच्या हातांतून निघून गेला. प्रत्येक फेरीला धाप वाढत होती. हाक बारीक होत होती. आणि पाण्यावरून ती बाई सांगतच होती, लहान मुलाला समजवावं तशी... "पोचाल हो. पोचाल."

फोन लागत नव्हता. शेवटी मदत आणायला म्हणून तोमोएनं पाण्याकडे पाठ केली आणि सायकल खांद्यावर टाकून बोरूत घुसली. गुडघाभर चिखल. मागून हाक येत होती. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर पाय निघाला नसता, असं ती म्हणते.

आणि एकाएकी डांबर लागलं. लख्ख ऊन. रस्त्याच्या कडेला एक शेतकरी टेम्पोत भाताचा पेंढा भरत होता.

"तळ्यात... बाबा तळ्यात आहेत," ती म्हणाली.

"कुठलं तळं, ताई?"

तिनं मागे बोट दाखवलं.

मागे भातखाचरं होती. कापणी झालेली, कोरडी. नजर पोचेल तिथवर नुसते खुंट.

त्या शेतकऱ्याचं नाव नाकानिशी. तिच्या गुडघ्यापर्यंतचा ओला काळा चिखल त्यानं पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. इथे आतलं तळं होतं खरं, तो म्हणाला. आजोबांच्या वेळी उपसून शेती केली. आधी बायका नावेतून शेवाळ काढायला जायच्या. पोलिसांना फोन त्यानंच लावला.

चार दिवस शोधलं. पोलीस आले, गावचे लोक आले, कुत्री आणली. हाती एकच गोष्ट लागली. खाचरांच्या मधून, बांध ओलांडून, एका टायरची खूण. मोठ्या गोलात फिरून स्वतःलाच मिळालेली. एका फेरीत उठावी तशी नव्हे. चांगली वीतभर खोल.

रस्सा मी दोन वेळा गरम केला होता. मग ओतून दिला.

त्यानंतर तोमोए धुकं पडलं की खिडकीशी उभी राहायची. एकदा आम्ही दोघी भाजी चिरत असताना अगदी सहज म्हणाली, "वहिनी, ते पाणी डावीकडे ठेवून फिरतायत. मी थांबले होते म्हणून ते निघून गेले. मी पाणी उजवीकडे ठेवून उलटी गेले, तर कुठेतरी समोरासमोर येऊच ना?"

मी सुरी खाली ठेवली. त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं तिची सायकल कुलूपबंद केली. किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली.

आज सकाळी धुकं पडलं.

तांदळाचा डबा उघडा होता.

मी फोन लावत राहिले. लागेना. दहाच्या सुमारास तिचाच आला.

"वहिनी, पाणी लागलं. उजवीकडे आहे."

"तोमो, परत फीर! तुला माझी शपथ आहे, परत ये!"

"आवाज येतोय, वहिनी. बाबांचाच आहे. तीच धाप." ती रडत होती की हसत होती, कळेना. "पण समोरून नाही येत... माझ्या मागून येतोय."

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं. त्यांनीही तोच विचार केला असणार. लेक सापडत नाही, तर उलटं फिरून बघू.

"वहिनी, थांबू का मी?"

थांबली तर ते तिच्यातून निघून जाणार. चालत राहिली तर ते मागेच राहणार. वळली तर तेही पुन्हा वळणार.

"वहिनी? सांगा ना. थांबू का?"

फोन कट झाला.

नवरा गाडी घेऊन गेलाय. आत्ताच त्याचा फोन आला. खाचरांवर ऊन पडलंय म्हणे, आणि तिथे कुणी नाही. काय सांगायला हवं होतं मी तिला? तुम्हाला सुचतंय काही?