सातव्या दालनाचं दार

"निकेत, मार उडी! मार!" अमिषा ओरडली.

निकेतने मारली. गेममधल्या ठोकळोजीचा एक पाय खंदकाच्या काठाला लागला, दुसरा काही लागला नाही. मगरीने जबडा मिटला आणि पडद्यावर पुन्हा पहिलं दालन आलं.

"गेला," हर्षद म्हणाला. तो अमिषाचा धाकटा भाऊ. मरणाची बातमी द्यायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत निकेत बोर्ली पंचतनला नूतनमावशीकडे, म्हणजे अमिषा-हर्षदच्या घरी आला होता. दत्तात्रेयकाकांच्या बंद पडलेल्या क्लासमधला ढब्बू पडद्याचा कॉम्प्युटर त्याला माळ्यावर सापडला आणि सुट्टी तिथेच अडकली. त्यातला गेम महाखाष्ट होता. तीन जीव, ते संपले की मुकाट पहिल्या दालनापासून सुरुवात. मोबाइलवरचे किती गेम निकेत जिंकला आणि विसरलाही होता. हा मात्र जेवतानासुद्धा डोक्यातून जाईना. सातव्या दालनाच्या दारामागे काय आहे, ते काकांनाही कधी कळलं नव्हतं.

आणि आता वेळही उरला नव्हता, कारण उद्या सकाळी भंगारवाला हा कॉम्प्युटर न्यायला येणार होता.

निकेतने पुन्हा सुरुवात केली. या वेळी खंदक पार झाला आणि सहावं दालनही आलं. तेवढ्यात चित्र चारी बाजूंनी आकसलं, डोक्यावरचा पंखा रेंगाळला आणि पडदा काळा झाला. रोज संध्याकाळी हे असंच व्हायचं. निकेतच्या डोळ्यांत पाणीच आलं. मगरीशी लढता येतं, पण याच्याशी कसं लढायचं?

"लाइटीपुढे कुणाचं चालतं बाबा?" काका पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"त्यापेक्षा बाहेर जाऊन खेळा," मावशीने तोडगा काढला.

हर्षद खरंच बाहेर गेला आणि धावत परतला. "समोरच्या दुकानातला पंखा गरागरा फिरतोय! फक्त आपलीच लाइट मंद आहे."

मग अमिषा म्हणाली, "खंदक कसा जमला तुला? मरायच्या आधी काय होतं ते बघून ना? मग इथे काय होतं आधी?"

निकेतने डोळे मिटले. पंखा मंद होतो. त्याच वेळी घरामागे काहीतरी खळखळतं.

"पाटाला पाणी येतं," तो म्हणाला. "शेजारच्या रावजीआबांच्या सुपारीच्या वाडीत जातं ते."

"पण त्यांचा तर मीटर जळलाय," हर्षद म्हणाला. "सगळ्यांना सांगत फिरतात. मग पंप कशावर चालतो?"

विचारायला गेलं तर आबा कानांवर हात ठेवणार, हे उघड होतं. निकेतला तिसरं दालन आठवलं. तिथला पहारेकरी जागचा हलत नाही, पण मशाल विझवली की बघायला बाहेर येतो.

"मशाल विझवू या," तो म्हणाला.

अमिषाने काकांना ओढत मागच्या खिडकीशी आणलं. हर्षदने स्टुलावर चढून मेन स्विच खाली पाडला. पाटाची खळखळ थांबली.

थोड्याच वेळात रावजीआबा लुंगी सावरत, अनवाणी आले. त्यांनी न्हाणीमागच्या झावळ्यांचा ढीग उचकला. खाली घराच्या वायरला जोडलेली दुसरी वायर होती. जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली, आणि सगळं ओल्या मातीत.

"रावजी!" काका गरजले.

"न्हाय, म्हंजे... मीटर जललाय न् माजा. म्हटलं, नवा येईस्तवर..."

काकांचा चेहरा उतरला होता. "अरे, नूतन रोज इथेच भांडी घासते. मेन चालू असता तर आत्ता तुझं काय झालं असतं?"

रावजींनी आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले. "माजं चुकलं. पोरं लय हुशार हाईत तुमची."

"मी साधी मानसुद्धा वर केली नव्हती," काका पुटपुटले. त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि मेन बंद असतानाच ती वायर काढून टाकली.

त्या संध्याकाळी पंखा एकदाही रेंगाळला नाही. निकेत पहिल्यांदाच सातव्या दालनात पोचला. समोर दार दिसत होतं. तेवढ्यात छत खाली आलं आणि शेवटचा जीव गेला. निकेत हताश होऊन बसला. आता लाइटीवर खापरही फोडता येत नव्हतं.

"घाई केलीस," मागून काका म्हणाले. "सरक जरा."

सकाळी सदा भंगारवाला आला, तेव्हा काका बनियनवर, दाढी न करता पडद्यापुढे बसले होते. ठोकळोजी सातव्या दालनात होता.

"दत्ताशेठ, हाच न्यायचा ना?"

काकांनी नुसता हात वर केला. त्याच क्षणी छत कोसळलं.

"गेला," हर्षद म्हणाला.

सदा पडद्याकडे बघतच राहिला होता. "डावीकडून गेला असता तर?" त्याने विचारलं.

काका बाकावर थोडे सरकले. "निकेत, लाव पुन्हा. पहिल्यापासून."

सदाने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी टेकला.