काजळ्याची रेघ

आमच्या घरात उंची पुस्तकानं मोजतात. फूटपट्टी डोक्यावर तिरकी बसते. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा कोपरा मात्र काटकोनात असतो. पुस्तकाची एक कड दाराच्या चौकटीला घट्ट लावायची, ते डोक्यावर आडवं टेकवायचं आणि खालच्या बाजूला पेन्सिलीनं रेघ मारायची. पुस्तकही ठरलेलं, माझ्या लहानपणापासून घरात असलेलं बालकथांचं जाडजूड बाड. नियमही ठरलेले. टाचा चौकटीला, हनुवटी सरळ, डोळे मिटलेले. डोळे उघडे असले की माणूस नकळत टाचा उचलतो, असं माझे वडील म्हणत. खरं असेल, नसेलही. मी पडताळून पाहिलेलं नाही.

मी छापखान्यात मुद्रितं तपासत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या की स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडतो. ओळ बरोबर वाचली तरी वाटतं, काहीतरी निसटलंच असणार. म्हणून पुढचं जसं दिसलं तसं सांगतो; अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही. तसंही हल्ली घरात मला कोणी फारसं काही विचारत नाही.

मुलगा पुलांच्या कामांवर बाहेरगावी असतो. घरात सून, नात आणि मी. सून दवाखान्यात परिचारिका आहे. नातीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडतं.

त्या बाडातली टिटवीची लाडकी गोष्ट काजळ्याची. काजळ्या हा रस्त्यावरचे दिवे लावत हिंडणारा पोरगा; हात, केस कायम काजळीनं माखलेले. गावातली मुलं मोठी होतात, त्याला विसरतात, तो मात्र दिवे लावत राहतो. गोष्टीचं शेवटचं वाक्य असं: ‘आणि काजळ्या आजही तेवढाच आहे.’

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी टिटवीची उंची घ्यायची, हा रिवाज. ती पहिल्यांदा शाळेत जाणार होती त्या वर्षी तिची रेघ मारून झाली आणि ती बाजूला सरकली.

“आता काजळ्याची,” ती म्हणाली.

मला अशा खेळांचं वावडं नाही. मोठ्या माणसांशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण मुलांच्या खेळात मी सुखानं रमतो. मी पुस्तक हवेत धरलं. टिटवी डोळे मिटून सांगत होती, “अजून खाली. अजून. आता टेकलं!” तिथं मी रेघ मारली.

दुसऱ्या वर्षी टिटवीची रेघ चार बोटं वर गेली. काजळ्याची होती तिथंच आली.

“हा काही खातपीत नाही वाटतं?” मी विचारलं.

“आजोबा, तुम्हाला ना काही कळत नाही. गोष्टीतली मुलं वाढतात का कधी?”

मला ते पटलं. गोष्टीतल्या मुलांचं वय शेवटच्या पानावर थांबतं. पुढचं वाढणं आपल्याला करावं लागतं.

तिसऱ्या वर्षी माझ्यातला मुद्रितं तपासणारा जागा झाला. मी आधीच त्या रेघेवर एक जुनं कॅलेंडर टांगून ठेवलं. टिटवीनं डोळे मिटून पुस्तक खाली आणवलं. कॅलेंडर काढून पाहिलं तर पुस्तकाची कड अचूक जुन्या रेघेवर. सवय असेल, मी म्हटलं. पोरीचा अंदाज पक्का असेल, माझा हात तयार असेल.

त्यानंतरच्या वर्षी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक तेलकट काळा डाग दिसला, तळहाताएवढा. खोडरबरानं घासला तर तो पसरला. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे; काजळी धरेल असं घरात काहीच नाही. आणि गेल्या वर्षी पुस्तक खाली आणताना एका जागी ते किंचित अडलं. दाट केसांवर टेकवल्यासारखं. मी सुनेला म्हटलं, माझा खांदा धरलाय. तिनं मलम दिलं. मी ते लावलंही.

यंदा मात्र गोष्ट खेळाची राहिली नाही. टिटवी वर्गात शेजारची जागा रिकामी ठेवते, कोणी बसलं तर रडून गोंधळ घालते, अशी तक्रार सुट्टी लागायच्या आधी शाळेतून आली होती. मुली तिला चिडवत. एकही मैत्रीण नव्हती.

“बाबा, रागावू नका,” सून इस्त्री करता करता म्हणाली, “पण हे खूळ तुमच्या गोष्टींमधून आलंय. तुम्ही घातलंत, तुम्हीच काढा. माझं ती ऐकत नाही.”

“मी काय सांगू तिला?”

“खरं ते सांगा. तिथं कोणी नाही म्हणून.”

मी मान डोलावली. खरं तेच तर सांगायचं होतं; त्यात अवघड काय? तरी दोन दिवस मी टिटवी समोर आली की वर्तमानपत्र उघडत होतो. शेवटी तिनंच विषय काढला. दुपार होती, उंची घ्यायचा दिवस. तिची रेघ झाली होती; आता ती काजळ्यापेक्षा चांगली हातभर उंच होती.

“आजोबा, यंदा पुस्तक सोडून द्या.”

“म्हणजे?”

“त्याच्या डोक्यावर ठेवा आणि हात काढा. पडलं, तर मी उद्यापासून त्या मुलींबरोबर बसेन. आईला कबूल केलंय मी.”

“आणि नाही पडलं तर?”

ती फ्रॉकचं बटण पिरगाळत राहिली. “तर मला शाळाच नको. मी त्याच्याबरोबरच राहीन. त्याला तरी दुसरं कोण आहे?”

ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी राहिली. आतल्या खोलीत इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. मी पुस्तक चौकटीला लावलं, खाली आणलं, जुन्या रेघेशी थांबलो.

हात काढले.

पुस्तक तिथंच राहिलं.

मी वाकून खालून पाहिलं. चौकट, भिंत, फरशीवर दुपारचं ऊन. पुस्तकाखाली काही नव्हतं. हात फिरवायचं धाडस झालं नाही. पुस्तक अगदी थोडं वर होत होतं, अगदी थोडं खाली. श्वास घेताना डोकं हलतं तसं.

“सोडलंत, आजोबा?”

मी पुस्तकाकडेच पाहत होतो.

“आजोबा? सोडलंत का?”

इस्त्री थांबली होती. सून ऐकत असावी.

भीती वाटली का, तर आधी नाही. आधी वाटलं ते निव्वळ कुतूहल. जन्मभर ज्यावर मनातल्या मनात विश्वास ठेवला, ते माझ्या हाताच्या अंतरावर उभं होतं आणि मला पाहत राहायचं होतं. मग टिटवीची पाठ दिसली. घट्ट आवळलेल्या मुठी दिसल्या. तिला कोणतं उत्तर हवं होतं ते तिचं तिलाही ठाऊक नसावं.

मी दोन्ही हातांनी पुस्तक वर उचललं. त्याच्याबरोबर काहीतरी क्षणभर वर आलं, टाचा उचलाव्यात तसं.

मी पुस्तक खाली टाकलं.

धप्पकन आवाज झाला. टिटवीनं वळून फरशीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. एवढंच. आणि दप्तर भरायला गेली.

सगळं सुरळीत झालं. महिनाभरात घरात तीन-तीन मैत्रिणी येऊ लागल्या, त्यांच्या खिदळण्यानं कान किटले. सून एकदा चहा देताना म्हणाली, “बाबा, तुमचे उपकार झाले.” मी पेल्यात पाहिलं.

रेघ पहिल्यांदा लक्षात आली ती चौकटीवर उडालेली पावडर पुसताना. काजळ्याच्या जुन्या रेघेच्या बोटभर वर दुसरी रेघ होती. पेन्सिलीची नव्हे, बोटानं ओढलेली, काळी, तेलकट. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग आणखी. टिटवीची रेघ मागे पडली, सुनेचा खांदा मागे पडला. दोघींपैकी कोणालाच त्या दिसत नसाव्यात; मी विषय काढला नाही. मी बाड काढून ती गोष्ट दोनदा तपासली. एक अक्षर हललेलं नव्हतं. फक्त शेवटचं वाक्य आता चुकीचं होतं.

शेवटची रेघ बरोबर माझ्या कपाळाशी आली आणि थांबली.

काल सकाळी टिटवी म्हणाली, “आजोबा, म्हातारी माणसं आखडतात असं बाई सांगत होत्या. चला, आज तुमची उंची घेऊ.”

“आखडायला आधी उंच असावं लागतं,” मी म्हटलं. ती हसली. तिचं हसणं हल्ली वेगळं आहे, मोठ्या मुलींसारखं.

मी चौकटीला टेकून उभा राहिलो. टाचा, हनुवटी, डोळे. थोड्या वेळानं डोक्यावर पुस्तक टेकलं. पोरीनं अलगद ठेवलं, मला बरं वाटलं. मी वाट पाहिली. रेघ ओढल्याचा आवाज आला नाही.

“झालं का गं?”

“थांबा ना, आजोबा!” टिटवीचा आवाज आतल्या खोलीतून आला. “पुस्तकच सापडत नाहीये!”

मी हललो नाही.

डोक्यावरचं वजन हळूच उचललं गेलं. दोन्ही हातांनी, सांभाळून. मग माझ्या पायांशी धप्पकन आवाज झाला.

मी डोळे उघडले. टिटवी धावत आली, माझ्यासमोर वाकली आणि फरशीवरून पुस्तक उचललं. उभी राहिली. माझ्या आरपार चौकटीकडे पाहिलं, मग वळून स्वयंपाकघरात.

“आई गं,” तिनं हाक मारली, “आजोबा गेले कुठे?”

मी अजून टाचा टेकवून उभाच होतो.