मानपत्रात न मावलेली माणसे

शुक्रवार पेठेतल्या मौलालीचाचांच्या फ्रेमच्या दुकानात समरा आपल्या मानपत्रावर अखेरची नजर फिरवत होती, तेव्हा काउंटरच्या पलीकडून कुणीतरी ते उलटे वाचले... आणि हसले.

ते हसणे तिला झोंबले. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या या मुलीकडे गावातले निम्मे सत्कार मानपत्रासाठी येत, आणि तिच्या वाक्यातला काना हलवण्याची कुणाची छाती नव्हती.

“काही चुकलंय?”

“भाषा झकास आहे. माणूस खोटा आहे,” तो दाढीवाला तरुण म्हणाला. “‘अंटार्क्टिकाच्या काळोखात एकहाती जनरेटर चालू करणारा सोलापूरचा सुपुत्र.’ हा तर एकहाती चहासुद्धा करत नाही.”

“ओळखता तुम्ही त्यांना?”

“लई जवळून. एकाच आरशात भांग पाडतो की आम्ही.”

चाचा खोकल्याआड हसले, आणि समराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौदा महिने बर्फात काढून आठवड्यापूर्वी परतलेला डिझेल मेकॅनिक फरहान तो हाच. पण माघार तिच्या स्वभावात नव्हती. मानपत्राला नायक एकच असतो, असे तिने त्याला ठणकावले.

त्याचे हसू मावळले, आणि तो सांगू लागला. महिना-दोन महिने सूर्य न उगवणाऱ्या त्या हिवाळ्यात जनरेटरचा पंप फुटला होता. दिवे गेले, ऊब गेली. तीन देशांनी मिळून वर्षानुवर्षे राखलेली हवामानाची नोंद तुटायच्या बेतात आली. तेव्हा शेजारच्या संशोधन ठाण्यावरचा रशियन मेकॅनिक गेनादी वादळातून सुटा भाग छातीशी धरून चालत आला, आणि एक जर्मन अभियंता बिनतारी यंत्रावरून रात्रभर वाट दाखवत राहिला. त्या दोघांची सरकारे परस्परांचे तोंड पाहत नव्हती.

“गेनादीची दोन बोटं हिमदंशानं गेली,” फरहान म्हणाला. “त्या बोटांवर मी शाल पांघरू? मॅडम, हे वाचलं जाणार असेल तर मी स्टेजवर चढणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन त्याच्या गॅरेजात गेली, उपड्या डब्यावर बसली आणि सारे पुन्हा क्रमवार विचारू लागली. सोलापूरच्या त्या उन्हातही, थंडीचा विषय निघाला की तो नकळत बाह्या मनगटावर ओढून घेई. तिने ते पाहिले. वहीत मात्र लिहिले नाही. सगळ्यांचीच अशी उलटतपासणी घेता का, असे त्याने विचारले, तेव्हा वही मिटत ती म्हणाली, “‘एकहाती’ हा शब्द सत्कार समितीनं दिलेला नव्हता. तो माझा. वाक्य डौलदार व्हावं म्हणून घातला होता...”

हात पुसून त्याने तिच्यापुढे चहा ठेवला.

नवे मानपत्र समितीचे अध्यक्ष भीमाशंकर अण्णांकडे गेले आणि दोन्ही परक्यांवर लाल रेघ ओढून परत आले. ती दोन माणसे नसती तर सत्कार करायला हा माणूसच उरला नसता, असे समराने परोपरीने सांगितले.

“पोरी, लोक शाल बघायला येतात, भूगोल शिकायला नाही,” अण्णा म्हणाले. जुनेच वाच, असे त्यांनी बजावले. अण्णा तिच्या कॉलेजचेही विश्वस्त होते, आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती.

रविवारी सकाळी सभागृह भरले. तिच्या हाती सोनेरी चौकटीतले ते जुने मानपत्र आले. फरहान दारापाशी उभा होता, निघण्याच्या तयारीत.

“हे मी लिहिलं आहे, आणि हे खरं नाही,” समरा माइकवर म्हणाली. तिचा आवाज संतापाने कापत होता. “खरं काय ते सांगू दिलं जात नाही, म्हणून मी हे वाचणार नाही. ज्याला ठाऊक आहे तो दारात उभा आहे.”

फरहान पुढे आला. शाल त्याने बाजूला ठेवली आणि अडखळत, यंत्रांच्या भाषेत, सगळे सांगितले. गेनादीचे नाव दोनदा घेतले. टाळ्या उशिरा आल्या. त्यांत अण्णांच्या नव्हत्या.

बाहेर रस्त्यावर त्याने तिला गाठले.

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. दोन माणसांची नावं जड झाली यांना...” तिचा श्वास अजून वर होता.

“राग निवेपर्यंत सोबत चालू?”

“तो लवकर निवणार नाही.”

“मग लई वर्षं चालावं लागेल की...” तो थांबला, पुढचे शब्द त्याला जड गेले. “मला चालेल.”

समराने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने फक्त पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि त्याच्या बाजूचा हात मोकळा केला.