झडपेचा टेकू

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, "ओयिमखोनच्या डोक्यात विषारी वायू चढला होता, त्यात तिला काहीबाही दिसलं." वायू चढला होता, कबूल. पण मला दिसलं काहीच नाही.

मी हातात धरलं होतं.

कुणाला पटत नसेल तर आमच्या मार्गिलान शहरात या. रेशमाच्या जुन्या कारखान्यामागे तिसरी गल्ली, निळं फाटक. ती खोली दाखवते, ती झडपही दाखवते. चहा पाजीन. खोटं म्हणालात तर चहा परत मागीन.

चार वर्षं झाली. जानेवारीतला गुरुवार. दिवेलागणीची वेळ.

पण त्याआधी माझ्या सासूबद्दल सांगायला हवं.

तुर्सुनोय तिचं नाव. बत्तीस वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. बाई काटकुळी, जीभ मात्र कोयत्यासारखी. माझी तिच्याहून धारदार, म्हणून आमचं जमलं नाही. आमच्या त्या मागच्या खोलीत भिंतीतली मातीची चूल आहे, तिच्यात गॅसची नळी सोडलेली. समोर खिडकी, खिडकीला वर एक छोटी काचेची झडप. ती झडप सासू कधी बंद होऊ द्यायची नाही. तुतीच्या लाकडाचा वीतभर टेकू होता तिच्याकडे. झडप उघडायची, टेकू लावायची, आणि तो घट्ट बसावा म्हणून तीनदा ठोकायची.

टक... टक... टक.

ठोकून ठोकून टेकूला तिच्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता.

आमच्यात बाळंतीण चाळीस दिवस खोलीबाहेर पडत नाही. त्याला चिल्ला म्हणतात. माझा चिल्ला भर थंडीत आला. ओदिल माझ्या कुशीत, बाहेर पाणी गोठलेलं, आणि ही बाई रोज येऊन झडप उघडणार.

टक... टक... टक.

सासूला आम्ही ओयी, म्हणजे आई, म्हणतो. मी कुडकुडत म्हणायची, "ओयी, थंडी वाजते हो."

ती म्हणायची, "थंडीने माणूस शिंकतं, सूनबाई. मरत नाही."

हा छळ मी विसरले नाही. तेव्हाच शपथ घेतली, माझी सून येईल तेव्हा तिच्या चिल्ल्यात या खोलीत वाऱ्याची झुळूक शिरू देणार नाही.

म्हातारी त्या गुरुवारच्या आदल्या वसंतात गेली. तिच्या सुतकाचे चाळीस दिवस झाले, आणि मी तो टेकू तंदूरमध्ये घातला. जळेपर्यंत समोर उभी राहिले. राख माझ्या हाताने उकिरड्यावर टाकली.

एवढं नीट लक्षात ठेवा. टेकू जळाला होता.

हिवाळ्यात मुकद्दसला, माझ्या सुनेला, मुलगी झाली. शाहलो. ओदिल रशियात विटा रचत होता, म्हणून घरात आम्ही तिघीच. मी खोली कशी बंद केली म्हणता! खिडकीच्या फटींत कापूस, कापसावर कणकेच्या खळीने चिकटवलेला कागद. वरच्या झडपेत जुन्या गोधडीचा बोळा. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी, भाकरीचा तुकडा आणि लाल मिरच्या. हे अल्वस्तीसाठी. पिवळ्या केसांची असते ती. फटीतून शिरते आणि बाळंतिणीच्या छातीवर बसते, श्वास घेऊ देत नाही. म्हणून फट ठेवायची नाही.

गॅसचा जोर थंडीत कमी होतो. मी चावी पूर्ण सोडली.

दोन दिवसांनी मुकद्दस म्हणाली, "ओयी, चुलीतला जाळ पिवळा दिसतोय. आधी निळा असायचा ना?"

"पिवळा तर पिवळा. सोन्याचा रंग आहे. गरिबाघरी तेवढंच सोनं."

"माझं डोकंही जड झालंय."

"पहिलटकरणीचं डोकं जडच असतं, बाळा. दुसऱ्या वेळी डोकं दुखायला सवड मिळत नाही."

ती हसली. पोर झोपलेली. फारच झोपायची. गाल कसे लालबुंद! मी शेजारच्या रोहातोयला दाखवलं. "बघ, ही माझ्या उबेची लाली. माझ्या सासूने माझं पोर निळं केलं होतं."

मग तो गुरुवार आला.

गुरुवारी संध्याकाळी आमचे मेलेले घरी येतात. त्यांना जेवण लागत नाही, तेलाचा वास लागतो. तेल तापवायचं, पातळ पुऱ्या तळायच्या आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो वासाने तृप्त होऊन परत जातो. मी अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात कढई ठेवली. नवऱ्याचं नाव घेतलं. आईचं, बापाचं. लहानपणी गेलेल्या भावाचं.

सासूचं घेतलं नाही. कधीच घेत नव्हते.

तेल चुरचुरत होतं. अंगणात गुडघाभर बर्फ, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं...

टक... टक... टक.

माझा झारा हातातच राहिला.

आवाज मागच्या खोलीकडून आला होता.

मी गेले. मुकद्दस झोपलेली, पोर झोपलेली. वरची झडप उघडी. गोधडीचा बोळा खाली पडलेला. मी म्हटलं, वाऱ्याने पडला. बोळा कोंबला, झडप लावली आणि परत आले.

वाटेत मात्र पाय थांबले. वारा... वारा कुठे होता? धुराड्यावर बर्फ जसाच्या तसा बसलेला.

दुसरी पुरी तेलात सोडली.

टक... टक... टक.

या वेळी धावत गेले. झडप उघडी, आणि बोळा खिडकीच्या कट्ट्यावर. पडलेला नव्हता.

चौघडी घालून ठेवला होता.

काठाला काठ जुळवून, वर हात फिरवून सपाट केलेला. आमच्या घरात अशी घडी एकच बाई घालायची.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू? संताप आला. मी कमरेवर हात ठेवून रिकाम्या खिडकीला सुनावलं.

"मेलीस ना? मग मेल्यासारखी राहा! माझा चिल्ला गारठवलास, आता हिचाही गारठवणार? या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. तुझा कारभार संपला, तुर्सुनोय!"

पहिल्यांदाच तिचं नाव तोंडावर घेतलं होतं. शिवी द्यायला घेतलं, हा भाग वेगळा.

मग हातोडी आणली आणि झडपेला दोन खिळे मारले. एवढी ठोकाठोक झाली, तरी मुकद्दस उठली नाही.

मी म्हटलं, दमलीय बिचारी.

पुऱ्या झाल्या. ताटली भरून मी खोलीत आले. "ऊठ गं, गरम आहेत तोवर खा." ती हलली नाही. पोर तर बाहुलीसारखी लाल, गप्प. मी जरा टेकले चुलीपाशी. दिवसभर उभी होते. पाच मिनिटं बसू म्हटलं.

ताटलीतल्या पुऱ्यांचा वास येत नव्हता... कसलाच वास येत नव्हता.

पाय उचलायला गेले. पाय माझे नव्हतेच जणू.

चुलीतला जाळ लांब झाला होता. पिवळा, मऊ, हलणारा. कुणी केस मोकळे सोडून बसावं तसा.

छातीवर काहीतरी बसलं होतं. ओरडायला गेले, आवाज निघेना. मुकद्दस हाताच्या अंतरावर होती. हात पोचेना.

टक...

आता आवाज बाहेरून नव्हता.

टक...

माझ्या शेजारी होता.

टक.

आणि माझ्या तळहातात काहीतरी आलं. वीतभर लांब, गुळगुळीत, थंड. माझा अंगठा आपोआप एका खळग्यात बसला.

जळालेला टेकू.

देवाशपथ सांगते, तेव्हा मला जीव वाचवायचं सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की ही बाई मेल्यावरही मला हुकूम सोडतेय! माझ्या खोलीत! बत्तीस वर्षांचा राग दंडात उतरला. नाहीतर त्या दंडात ताकद कुठली?

"घे तुझं लाकूड, म्हातारे!"

आणि मी तो टेकू तिच्या खिडकीवर भिरकावला.

काच फुटली.

बाहेरची थंडी आत आली, चपराक मारावी तशी. मी ती थंडी प्याले. हो, प्याले. मग गुडघ्यांवर सरकले, पोरीला ओढलं, दार ढकललं आणि अंगणात बर्फावर पडून किंचाळले.

रोहातोय अनवाणी धावत आली. तिने अंगणातली गॅसची मुख्य चावी बंद केली, तोंडाला ओढणी बांधून आत शिरली आणि मुकद्दसला काखेत धरून बाहेर आणलं. पोर गप्प होती. रोहातोय तिचे तळपाय चोळत राहिली. मी माझ्या जन्मात कुणाच्या पाया पडले नाही. त्या वेळी मी कुणाकुणाच्या पडले ते मला आणि बर्फाला माहीत.

मग शाहलो रडली.

तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. तीन दिवस दोघी इस्पितळात होत्या, प्राणवायूवर. वाचल्या.

दुसऱ्या दिवशी गॅसचा उस्ता, म्हणजे कारागीर, तूल्किन आला. धुराड्यात हात घालून त्याने साळुंकीचं घरटं काढलं, टोपलीएवढं.

"खाला, हे दरवर्षी कोण साफ करायचं?"

म्हातारी दर शरदात धुराड्यातून दोरीला वीट बांधून सोडायची. मग कागदाचा पेटता कपटा चुलीच्या तोंडाशी धरून बघायची, ज्योत आत ओढली जाते की नाही. मी हसायची. म्हणायची, ओयी चुलीला नमाज शिकवतात.

"आणि ही नळी घरीच भोकं पाडलेली. पिवळा जाळ म्हणजे उपाशी जाळ, खाला. त्याला हवा पुरत नाही. मग तो असं विष सोडतो की ज्याला रंग नाही, वास नाही. धुराडं तुंबलेलं, झडप खिळ्यांनी ठोकलेली. मेलेल्यांना वास द्यायला विसरला नाहीत, जिवंतांना हवा द्यायला विसरलात!"

"जीभ आवर, उस्ता. माझ्या सासूनंतर मला एवढं कुणी बोललेलं नाही."

पण तो खरं बोलत होता. अल्वस्ती बाहेर नव्हतीच. मीच तिला चुलीत पेटवून दार-खिडकी लावली होती.

मग तो खिडकीपाशी वाकला.

"काच कुणी फोडली?"

"मी. आतून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बोट दाखवलं.

सगळ्या काचा खोलीत पडल्या होत्या. एकूण एक तुकडा आत. बाहेरच्या बर्फावर एक कण नाही. पाऊल नाही. टेकूही नाही. मी सगळं अंगण चाळणीने चाळलं, वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा चाळलं.

तो मिळाला नाही.

आता त्या खोलीत उस्ताने बसवलेली नवी शेगडी आहे. जाळ निळा. झडपेला खिळा नाही. शरदात मी स्वतः धुराड्यात वीट सोडते, पेटता कपटा धरते, आणि जाळ पिवळा दिसला तर आधी चावी बंद, मग बाकीच्या गोष्टी. गल्लीतल्या सतरा घरांची धुराडी मी तपासली आहेत. कुणी नको म्हटलं तरी तपासते. माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही.

मुकद्दसला पुन्हा दिवस गेलेत. याच जानेवारीत बाळंत होईल, याच खोलीत. परवा ती भीत भीत म्हणाली, "ओयी, गुरुवारी आता तरी आजेसासूबाईंचं नाव घ्या. त्यांनी वाचवलं आपल्याला. त्यांना शांती मिळू दे."

"मुळीच नाही."

"एवढा राग, ओयी?"

मी तिला उत्तर दिलं नाही. तुम्हाला सांगते.

नाव घेतलं की वास पोचतो. वास पोचला की ते तृप्त होतात, आणि तृप्त झालेले परत येत नाहीत. मी म्हातारी झालेय. एखाद्या शरदात वीट सोडायला विसरेन. एखाद्या संध्याकाळी डोळा लागेल...

तर कुणीतरी उपाशी हवं दारात.

म्हणून तेल तापवते, सगळ्यांची नावं घेते आणि तिच्यापाशी येऊन तोंड मिटते. कढईवरचा धूर तेवढ्यापुरता थांबल्यासारखा होतो. पाठीमागे कुणीतरी दात-ओठ खातंय असं वाटतं. मान वळवत नाही मी.

चिडू दे तिला.

चिडलेली म्हातारी झोपत नाही.