सातव्या होलवर कोण उभं होतं

तुम्ही खोटं म्हणाल. म्हणा. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

रामवाडीपासून पाऊण तास आत, खाडी समुद्राला मिळते तिथं आमचा गोल्फ कोर्स आहे. मागच्या माघातली अमावस्या होती. संध्याकाळचे साडेपाच.

पुण्याचे सरनाईक साहेब एकटेच खेळायला आले होते. दर महिन्याला येतात. त्यांची काठ्यांची बॅग मी उचलतो.

"आदेश, असा कोर्स कुठं नाही," ते म्हणाले. "तिन्ही बाजूंनी खारा वारा आणि चिटपाखरू नाही. लोकांना माहीत नाही तेच बरं."

चिटपाखरू नाही...

तिथं माणसं होती, साहेब, मी मनात म्हणालो. सातव्या होलच्या जागी माझ्या रंभाआत्याचं मिठागर होतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. कंपनीनं मिठागरात भराव टाकला, वर गवत लावलं. मला नोकरी दिली, तेव्हा गेटवर.

मी घेतली. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलली नाही.

वर्षभरानं ती गेली. स्मशानाची जुनी वाट कोर्समधून जाते. तिरडी गेटवर आली तेव्हा ड्युटीवर मीच होतो. मॅनेजर म्हणाला, पाहुणे खेळतायत.

मी गेट उघडलं नाही.

लोकांनी तिला बाहेरून, चिखलातून नेलं. मी खांदासुद्धा दिला नाही.

तर त्या संध्याकाळी साहेबांनी सातव्यावर बॉल मारला.

आणि वारा थांबला.

बगळेही दिसेनात.

मग... खर्र... खर्र...

मीठ ओढायच्या लाकडी फळीचा आवाज. तो मी झोपेतही ओळखेन.

"कोण काम करतंय?" साहेबांनी विचारलं.

"कोण नाय, साहेब."

ते होलच्या झेंड्यापाशी गेले. थांबले. टोपी काढली. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवू लागले.

समोर मोकळं गवत...

ते परत आले. "एक म्हातारी आहे. विचारतेय, आद्या जेवला काय. हा आद्या कोण?"

मला आद्या फक्त आत्या म्हणायची.

"मीच," मी म्हणालो. "सांगा तिला, मी हाय इथं."

साहेब पुन्हा गेले. मला बोट दाखवून काहीतरी बोलले. परत आले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

"काय बोलली?"

"ती म्हणते... हा तो नाय."

साहेब अजून येतात. कोर्सचं कौतुक करतात.

माझं लग्न आत्या गेल्यावर झालं. बायकोनं, जनीनं, तिला कधी पाहिलं नाही. गेल्या मंगळवारी भर दुपारी मी कामावरून आलो, तर जनी म्हणाली,

"एक म्हातारी आल्ती. गुडघ्यापर्यंत पाय पांढरे. कुणा आद्याचं घर इचारत होती."

"मग?"

"मग काय? मी बोलले, आजी, या नावाचा इथं कोण नाय. पुढं बघा."

ती पुढं गेली...

कुठं गेली, ते जनीलाही सांगता येत नाही.